स्मरणलेख लिहिताना

गुंदला आजोबांच्या महिन्याच्या मिस्साला दोन शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं, 'ते प्रेमळ, कुटुंबवत्सल आणि श्रद्धाळू होते.' आजी म्हणाली, "हे कुणाबद्दलही म्हणता येईल."

मग लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग परतल्या आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या. टिळक १९१९ साली वारले. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली आला. त्यात त्या नवऱ्याला देव्हाऱ्यात बसवत नाहीत. त्याचा संताप, लहरीपणा, संसाराची ओढाताण, सगळं सांगतात. तरी वाचून झाल्यावर मनात मायाच उरते, कारण त्या गुण सांगत बसत नाहीत, प्रसंग सांगतात.

मी विशेषणं खोडली. लिहिलं: 'रविवारी चर्चला उशीर झाला की आजोबा वाटभर आजीवर चिडायचे. पण पावसाळ्यात ओहोळ आला, की तिच्या चपला स्वतःच्या हातात घ्यायचे.'

आजी आधी हसली, मग रडली. मिस्सानंतर मी तेवढंच वाचलं.

स्मरण लिहायची वेळ आपल्यावरही येईल. तेव्हा आधी एक खरा प्रसंग आठवा.