दूध काढण्याचा कालावधी

गोष्ट एका शब्दाची आहे. त्या शब्दापायी आमच्या चुलत भावाचं दूध दहा दिवस बंद झालं आणि वहिनी महिनाभर माझ्याशी नीट बोलली नाही, म्हणून सांगतो.

मी अनुवाद करून पोट भरतो. इंदापूर तालुक्यात वाढलो, काही वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, मग बारामतीत एक खोली घेऊन हे काम धरलं. औषधांच्या घडीपत्रिका, खताच्या पिशवीवरचा मजकूर, ठिबकच्या जोडणीची पुस्तिका, बँकेचे फॉर्म, असलं सगळं इंग्रजीतून मराठीत आणायचं आणि शब्दागणिक पैसे घ्यायचे. शब्दागणिक पैसे घेणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबणं परवडत नाही, हे आधीच कबूल करून टाकतो.

एकदा जनावरांच्या औषधांच्या एका कंपनीचं काम आलं. गाईची कास सुजते, दुधात गाठी येतात, त्या कासदाहावर सडात सोडायच्या ट्यूबची घडीपत्रिका होती. मजकूर दोन पानांचा. त्यात 'क्वार्टर' हा शब्द नऊ वेळा. कच्चा खर्डा मी मशीनकडून करून घेतला होता (हल्ली सगळेच घेतात, बोलत कुणी नाही), आणि त्यात आलं होतं, 'बाधित तिमाहीतील दूध वेगळे ठेवावे.' मी एकटाच खो खो हसलो. शाळेतल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावून वाचून दाखवलं, तोही हसला. गाईच्या कासेचे चार कप्पे असतात, प्रत्येकाला एकेक सड, आणि त्या कप्प्याला इंग्रजीत क्वार्टर म्हणतात. नऊच्या नऊ ठिकाणी 'सड' केलं आणि आपण फार बारकाईने काम करतो अशा समाधानात पुढे सरकलो.

पुढे एक छोटा तक्ता होता. त्यात एक ओळ : 'मिल्क विथड्रॉवल पीरियड, 72 अवर्स'. खर्ड्यात तिचं झालं होतं, 'दूध काढण्याचा कालावधी : 72 तास'. ओळ सुबक होती. विथड्रॉ म्हणजे काढणे, एटीएमच्या पडद्यावरसुद्धा तेच असतं. डोळा कुठे अडला नाही. काम गेलं, बिल गेलं, पैसेही वेळेवर आले.

मूळ अर्थ बरोबर उलटा होता. शेवटची ट्यूब सोडल्यापासून 72 तास त्या गाईचं दूध विकायचं नाही, माणसाने प्यायचं नाही. दूध बाजारातून मागे ठेवायचं, म्हणून विथड्रॉवल.

दोन महिन्यांनी निमगाव केतकीच्या बाजूच्या वस्तीवरून दादाचा, म्हणजे त्याच चुलत भावाचा, फोन आला, "जरा येऊन जा." त्याच्याकडे पाच एचएफ गाई. एकीची कास सुजलेली, डॉक्टर लग्नाच्या गावी, म्हणून त्याने फोनवर विचारून दुकानातून ट्यूबा आणल्या. खोक्यात मराठी कागद होता आणि तो वहिनीने वाचला. वहिनी बारावी झालेली, गोठ्याचा सगळा हिशेब तिच्याकडे. कागदाने सांगितलं, 72 तास दूध काढायचं, तिने काढलं. सुजलेल्या सडातलं चिकट दूध बाजूला सांडलं, तेवढं तिला ठाऊक होतं. बाकीच्या तीन सडांतलं स्वच्छ दिसणारं दूध कॅनमध्ये ओतून तिने केंद्रावर घातलं. औषध एका सडात सोडलं तरी रक्तात मिसळून बाकीच्या सडांत उतरतं, हे कागदावर कुठे नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डेअरीत टँकरचा नमुना प्रतिजैविकाच्या तपासणीत नापास झाला. मग उलटा माग काढत सगळे केंद्रावर आले. एकेका उत्पादकाच्या नमुन्याची बाटली तपासली, त्यात दादाची सापडली. केंद्राच्या कूलरमधलं सगळ्या गावाचं दूध ओतून द्यावं लागलं. दादाच्या बिलातून रक्कम कापली आणि दहा दिवस त्याचं दूध बंद. फॅट कमी लागली, एसएनएफ कमी लागला तर डेअरी दर कमी देते. प्रतिजैविकाला असा कमी दरही नसतो. ते उकळून निघून जातं असं नाही. अशा दुधात विरजणाचे जिवाणू जगत नाहीत, दही लागत नाही, चीज होत नाही. आणि थोडं थोडं रोज पोटात गेलं की उद्या माणसालाच औषध लागू पडेनासं होतं. डेअरी कडक वागली म्हणून तिला नावं ठेवायची सोय मला नव्हती.

वहिनीने कागद माझ्यापुढे धरला. "भाऊजी, लिहिलंय तसंच केलं की. तुम्ही या कामातले, सांगा बरं, कुणी लिहिला असंल हा कागद?"

मी कागद उलटला. नऊ ठिकाणचा 'सड' ओळखला.

सांगितलं मी. लगेच नाही, चहा झाल्यावर.

त्यानंतर बरेच दिवस एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. 'तिमाही' मी पकडली, कारण तिने हसवलं. 'दूध काढण्याचा कालावधी' सुटला, कारण तो सरळ, शुद्ध, चांगल्या मराठीत होता. विचित्र दिसणारी चूक स्वतःच ओरडते. आपल्या भाषेत बेमालूम बसलेल्या चुकीला मात्र शोधूनच काढावं लागतं. आता मी खर्डा तपासताना अडखळणाऱ्या जागांपेक्षा गुळगुळीत जागांना जास्त भितो.

खरा गोंधळ इंग्रजी शब्दापेक्षा आपल्या 'काढणे'त होता. आपण दूध काढतो, पैसे काढतो, कर्ज काढतो, विहीर काढतो, कांदा काढतो, फोटो काढतो, आठवण काढतो, खोडी काढतो आणि दुष्काळात दिवस काढतो. बँकेतून पैसे काढले तर शिल्लक कमी होते, कर्ज काढलं तर डोक्यावर चढतं, क्रियापद तेच. इंग्रजीतल्या अनेक अर्थांच्या शब्दासमोर आपण मराठीतला तितकाच अनेकअर्थी शब्द ठेवला की दोन्हीकडचे अर्थ एकमेकांत अडकतात आणि भलतीच जोडी जुळते.

माझा भाचा पोलंडमध्ये नोकरीला आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर त्याने तिकडच्या एका सहकाऱ्याला विचारून कळवलं, "मामा, इकडं औषधानंतर दूध न वापरायच्या मुदतीला 'कारेंत्स्या' म्हणतात. खात्यातून पैसे काढले तर तो शब्द वेगळा, 'विप्वाता'." म्हणजे पोलिश अनुवादकाला थांबावंच लागतं, इंग्रजीचा एक शब्द त्याच्याकडे पोचतो तेव्हा दोन दारं समोर असतात. मला एकच दार दिसलं आणि मी आत शिरलो. त्यांचंही सगळं सोपं नाही म्हणा. किल्ला, कुलूप आणि पॅन्टची चेन या तिन्हींना त्यांच्याकडे 'झामेक' हा एकच शब्द आहे. तिथल्या माणसाने मराठी कागद वाचायला घेतला तर त्याची फजिती वेगळ्या ठिकाणी होईल.

बारामतीला शब्दाच्या दुहेरी अर्थाचं वावडं नाही. मोरोपंत (1729–1794) इथलेच, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहिलेले. ओठ न मिटता म्हणता येईल असं निरोष्ठ रामायण रचणारा कवी. यमक आणि श्लेष हा त्यांचा हातखंडा. पण त्यांचा श्रोता श्लेष उलगडायला निवांत मांडी घालून बसलेला असायचा. माझा वाचक एका हातात ट्यूब आणि दुसऱ्या, शेणाने भरलेल्या हाताच्या दोन बोटांत कागद धरून उभा असतो. त्याच्यापुढे श्लेष ठेवणं हा गुन्हा आहे.

मी तेव्हापासून एक वही केली. तिच्यात शब्द अक्षरवारीने लावलेले नाहीत, धंद्याप्रमाणे लावलेले आहेत. गोठ्याची पानं वेगळी, उसाची वेगळी, बागेची वेगळी, कालव्याची आणि बँकेची वेगळी. या कामात नव्याने येणाऱ्याला मी हेच सांगतो : शब्द कुठल्या पानावरचा आहे ते आधी ठरव, अर्थ नंतर बघ.

गोठ्याच्या पानावर 'हीट' म्हणजे माज. गाय माजावर आलेली सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तिथे 'उष्णता' लिहिलं तर इंदापूरच्या एप्रिलमध्ये लोक गाईवर पाण्याचा पाइप धरतील. 'ड्राय' गाय कोरडी नसते. व्यायच्या साधारण दोन महिने आधी दूध थांबवलं ती आटवलेली, आणि गाभणही नाही, दूधही नाही ती भाकड. या दोघींचा खुराक वेगळा, बाजारभाव तर फारच वेगळा. तिथे शब्द चुकला तर भांडण ठरलेलं. 'लेट डाउन' एका खर्ड्यात 'दुधाची निराशा' झाला होता. त्याला आपल्याकडे इतका सुंदर शब्द आहे, पान्हा, की मशीनवर रागवायचंही राहून गेलं.

उसाच्या पानावर 'लॉजिंग' आहे. सोलापूर रस्त्यावर त्याची पाटी दर दोन-चार किलोमीटरवर दिसते, पण फडात लॉजिंग म्हणजे ऊस लोळणं. 'प्लांट' म्हणजे रोप नाही, कारखानाही नाही. खोडव्याच्या शेजारी आला की तो लागणीचा ऊस. आणि 'रिकव्हरी'! बँकेच्या पानावर वसुली, दवाखान्याच्या पानावर बरं होणं, साखर कारखान्याच्या पानावर उतारा. त्याच उताऱ्यावर उसाचा सरकारी किमान दर, एफआरपी, ठरतो, सध्या 10.25 टक्के हा पाया धरून. आता तो 'उतारा' शब्द तरी एकमार्गी आहे का? सातबाऱ्याचा उतारा तलाठ्याकडे, धड्यातला उतारा पोराच्या पुस्तकात, विषावरचा उतारा कीटकनाशकाच्या कागदावर आणि लिंबू-मिरचीचा उतारा तिठ्यावर. विषबाधेच्या सूचनेत मी हल्ली नुसतं 'उतारा' लिहीत नाही, 'विषावरचा उतारा' लिहितो. दोन अक्षरं जास्त गेली तरी चालतील.

कधी कधी मराठी शब्दच शोधायचा नसतो. नीरा डाव्या कालव्याच्या टेलचा शेतकरी स्वतःला टेलचाच म्हणतो. त्याला 'पुच्छभागातील लाभधारक' केलं तर पाणी तर मिळत नाहीच, वर अपमान. पण त्याच कालव्याच्या 'रोटेशन'ला आवर्तन हा चांगला रुळलेला शब्द आहे, आणि पिकाच्या 'रोटेशन'ला फेरपालट. लोकांच्या तोंडात काय आहे ते ऐकायचं, आपली हौस बाजूला ठेवायची. बारामती–इंदापूर रस्त्यावर जंक्शन नावाचं गाव आहे. तिथे उतरून रेल्वे शोधणारा पाहुणा मी पाहिलाय. पण म्हणून त्या गावाचं कुणी भाषांतर केलेलं नाही.

द्राक्षवाले या बाबतीत पुढे गेले. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा बसलेला फटका बागाईतदार विसरले नाहीत. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस सोडायचे ते आता औषध घेतानाच विचारतात, आणि 'पीएचआय किती?' असंच विचारतात. तिथे मी 'काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी' लिहितो, पण शेजारी पीएचआय ठेवतोच. जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रावर 'कृषिक' प्रदर्शन भरतं, तेव्हा मी दिवसभर नुसता हिंडतो. स्टॉलवर शेतकरी कुठला शब्द वापरून प्रश्न विचारतो ते वहीत उतरवून घेतो. कोश घरी आहेत, वापरतोही. पण दुकानाच्या काउंटरवरचा प्रश्न कोशात नसतो.

आणखी दोन सवयी त्या दहा दिवसांनी लावल्या. तक्त्यातला सुटा शब्द आला की खोक्याचा फोटो मागवायचा. सुट्या शब्दाला मागे-पुढे वाक्य नसतं, म्हणून मशीन तिथेच घसरतं आणि माणूसही. दुसरी सवय अशी की इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला मराठी कागद द्यायचा आणि "समजलं का?" हे कधीही विचारायचं नाही. आपल्याकडे "समजलं का?"ला "हो" हेच उत्तर असतं, भिडेपोटी. विचारायचं, "आता तू काय करशील?"

तो कागद दुरुस्त करायची परवानगी कंपनीने दिली तेव्हा मी पहिला खर्डा घेऊन वस्तीवरच गेलो. लिहिलं होतं, 'शेवटची ट्यूब सोडल्यापासून 72 तास या गाईच्या चारही सडांतले दूध काढावे, पण डेअरीला घालू नये व घरात वापरू नये.' वहिनीला विचारलं, आता काय करशील?

ती धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "घालणार नाही. पण भाऊजी, गोठ्यात तास कोण मोजतं? दिवसाला दोन धारा. सहा धारा लिहा की."

मी 72 तासांच्या पुढे 'म्हणजे सहा धारा' लिहिलं. कंपनीच्या माणसाचा फोन आला, मूळ मजकुरात धारा कुठे आहेत? त्याला समजवायला पाऊण तास लागला, त्याचे शब्दागणिक काही मिळाले नाहीत.

गेल्या दिवाळीत गेलो होतो. गोठ्याच्या भिंतीवर, एका गाईच्या दाव्याच्या वर, खडूच्या सहा रेघा होत्या. चार पुसलेल्या, दोन शिल्लक.