घाट उतरताना : वाहनधारक भाविकांसाठी माहिती

दर्शन आटोपून परतीस लागलेल्या भाविकांचे मन निश्चिंत असते, आणि वाहनाच्या ब्रेकची खरी कसोटी नेमकी त्याच वेळी लागते. सप्तशृंगगडाहून नांदुरीस उतरणाऱ्या सुमारे १० किलोमीटरच्या घाटासारख्या रस्त्यावर पाय सतत ब्रेकवर राहिल्यास ब्रेक तापतात, त्यातील ऑइल उकळू शकते आणि पेडल दाबूनही गाडी आवरत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम म्हणूनच आजही खरा आहे. त्यामुळे इंजिनच गाडीला रोखून धरते.

हायब्रिड गाडीत पाय ॲक्सिलरेटरवरून उचलताच विद्युत मोटर जनित्राचे काम करू लागते. उताराची ऊर्जा वीज होऊन बॅटरीत साठते व ब्रेकवरील भार हलका होतो. सोय उत्तमच, परंतु तिची मर्यादा पुष्कळांस ठाऊक नसते. प्रवाशांसह दीड टन वजनाची गाडी ५०० मीटर खाली येते, तेव्हा सुमारे २ युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीतील बॅटरीची एकूण क्षमता मात्र सुमारे १.३ युनिट, आणि तिचाही काही भागच वापरात येतो. हवेचा व टायरांचा अवरोध वजा केला, तरी अशी बॅटरी घाटाच्या मध्यावरच भरू शकते. मग विजेला जागा उरत नाही आणि भार पुन्हा साध्या ब्रेकवर येतो.

यासाठीच प्रियससारख्या गाड्यांच्या गिअर दांड्याजवळ ‘बी’ ही खूण असते. लांब व तीव्र उतारावर ती निवडावी. तेथे इंधन न जाळता इंजिन फिरविले जाते व त्याच्या अवरोधाने वेग आटोक्यात राहतो. इंजिन मोठ्याने घुमू लागते; तो बिघाड नव्हे, घाबरून जाऊ नये. सपाट रस्ता लागताच पुन्हा ‘डी’ घ्यावा. इतर गाड्यांत खुणा निराळ्या असू शकतात, म्हणून गाडीसोबतची पुस्तिका निघण्यापूर्वीच पाहावी.

पेट्रोल वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरण्याची खोड मात्र सर्वांनीच सोडावी. आधुनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये उतरत असताना इंधनपुरवठा बहुधा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये उलट तो चालू राहतो. हायब्रिड गाडीत तर न्यूट्रलमध्ये बॅटरीही भरत नाही.

जळका वास आल्यास किंवा पेडल मऊ लागल्यास रुंद, सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये.