आठव्या दिवसाचे काय?

शास्त्रपाठ : लेवीय 14:1-32, मार्क 1:40-45



लेवीयच्या पुस्तकातील शुद्ध-अशुद्धतेचे नियम आपण बहुधा घाईने वाचतो. ते आता आपल्याला लागू नाहीत असे म्हणून पान उलटतो. मीही तेच करीत असे. पाड्यावरच्या एका प्रभुभोजनाने मला त्या पानाकडे परत नेले.

तेथील एका मावशींना कुष्ठरोग झाला होता. सरकारी दवाखान्यातील मोफत गोळ्या त्यांनी 12 महिने न चुकता घेतल्या. दर महिन्याचे पाकीट संपले की नाही, हे मी स्वतः पाहत असे. उपचार पूर्ण झाला. पुढच्या रविवारी त्या उपासनेला आल्या, पण ओसरीवरच बसल्या. प्रभुभोजनाच्या वेळी त्यांनी पदराखालून घरचा स्टीलचा पेला काढला. "यातच ओता ताई. उगा कुणाला किळस नको."

मी पाळकांना मदत करीत होते. मी ओतले. त्यांच्यापासून आता कोणालाही धोका नाही, हे मंडळीत सर्वांत चांगले मलाच ठाऊक होते. तरी त्यांनी वेगळा पेला आणला म्हणून मला हायसे वाटले. हे मी आज तुमच्यापुढे कबूल करते.

त्या रात्री लेवीय 13 व 14 हे अध्याय एकत्र वाचले. तेथील मूळ हिब्रू शब्द केवळ आजच्या कुष्ठरोगाचा नाही, कपड्यावरच्या आणि घराच्या भिंतीवरच्या डागांनाही तोच शब्द आहे (13:47, 14:34). त्यामुळे या अध्यायांच्या आधारे आजच्या रुग्णाला पापी ठरवता येत नाही. पण तीन गोष्टी मला नव्याने दिसल्या.

1. याजक बाहेर जातो. बरा झालेला मनुष्य छावणीबाहेर असतो, आणि त्याला पाहायला याजकानेच तेथे जायचे असते (14:3). पहिले पाऊल त्याचे आहे.

2. परतण्याचा दिवस ठरलेला आहे. मनुष्य छावणीत येतो, सात दिवस आपल्या तंबूबाहेर राहतो, आणि आठव्या दिवशी परमेश्वरासमोर उभा राहतो (14:8-11). ऐपत नसलेल्यासाठी अर्पणही कमी केले आहे (14:21-22). गरिबीमुळे कोणी बाहेर राहू नये.

3. याजक स्पर्श करतो. त्या मनुष्याच्या उजव्या कानाला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला तो रक्त व तेल लावतो (14:14-17). अहरोनाच्या याजकपणाच्या दीक्षेत याच तीन जागी रक्त लावले होते (8:23). काल जो बाहेर होता, त्याला आज इतका मान!

मोशेच्या नियमशास्त्रात बाहेर पाठवण्याचा नियम होता, तसा परत आणण्याचाही होता. आपण पहिला नकळत पाळतो, दुसरा विसरतो. आपल्याकडे आठवा दिवसच नाही.

प्रभू येशू तर आणखी पुढे गेला. त्याने कुष्ठरोग्याला शुद्ध होण्याआधीच स्पर्श केला, आणि मग याजकाकडे पाठवले, म्हणजे समाजाने त्याला उघडपणे परत घ्यावे. शेवटी काय झाले? तो मनुष्य गावात मोकळा फिरू लागला आणि येशूलाच गावाबाहेर एकांतात राहावे लागले (मार्क 1:45). जागांची ही अदलाबदल वधस्तंभावर पूर्ण झाली. त्याने वेशीबाहेर दुःख सोसले (इब्री 13:12).

पुढच्या भेटीत मी मावशींच्या घरी गेले, त्यांच्याच पेल्यातला कोरा चहा प्याले आणि त्यांची क्षमा मागितली. त्या हसल्या, काही बोलल्या नाहीत. त्यानंतरच्या रविवारी मी ओसरीवर त्यांच्याशेजारी बसले. तिसऱ्या रविवारी एका आजीबाईंनी आतून हाक मारली, "तिथं काय बसलाय दोघी? चटई मोकळी हाय." मावशी आत आल्या. पेला मात्र अजून आणतात. काम संपलेले नाही.

मननासाठी :
- आपल्या मंडळीत ओसरीवर कोण बसते? क्षयरोगी, व्यसनातून सुटलेला, तुरुंगातून आलेला?
- त्यांना आत बोलावण्याचे काम आपण कोणावर सोपवले आहे?

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांना तू बरे केलेस, त्यांना वेगळ्या पेल्याची गरज वाटू नये, असे आम्हांला कर. आमेन.