कोंबडीच्या पिलांतील नर-मादी ओळखणे : निसर्गाभ्यासाचा एक पाठ

(इयत्ता चौथी)

उद्देश : विद्यार्थ्यांस निरीक्षण व अनुमान यांतील भेद समजावून देणे.

प्रस्तावना : नाहूर येथील आमच्या वस्तीत एका शेजारीणबाईंनी खुडूक कोंबडीखाली अंडी बसविली. एकविसाव्या दिवशी पिले निघाली. त्यांतील सहा जगली. पिले पाच आठवड्यांची असताना बाईंनी विचारले, “गुरुजी, यांत नर किती?” जरा मोठ्या तुऱ्याची तीन पिले दाखवून मी खात्रीने म्हणालो, “हे तीन नर.” बाईंनी ती तिन्ही विकली. पुढे त्यांपैकी एकीने विकत घेणाऱ्याच्या खुराड्यात अंडे घातले. अंडी विकून मुलांच्या वह्या घेणाऱ्या त्या घराचे माझ्या घाईमुळे नुकसान झाले. उत्तराची अशीच घाई आपण वर्गातही करतो. म्हणून हा पाठ.

विषयविवेचन :

१. टोकदार अंड्यातून नर निघतो, ही समजूत खरी नाही. पिलाचे लिंग मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते. कवचाच्या आकाराशी त्याचा संबंध नाही.

२. एका दिवसाच्या पिलाचे गुदद्वार तपासून लिंग ओळखण्याची रीत जपानी शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात शोधली. हे शिकलेल्या हातांचे काम आहे. नवख्याने दाब दिल्यास पिलास इजा होते. मुलांस हे मुळीच करू देऊ नये.

३. पंखांच्या पिसांच्या लांबीवरून एका दिवसाच्या पिलाचे लिंग कळते ते केवळ त्यासाठी मुद्दाम केलेल्या संकरांत. गावरान पिलांस ही खूण लागू पडत नाही.

४. सहा ते आठ आठवड्यांत नराचा तुरा बहुधा मोठा व लाल होतो, पाय जाड दिसतात. परंतु काही तलंगांचा तुराही लवकर वाढतो. म्हणून ही खूण पुरेशी नव्हे.

५. सुमारे बारा आठवड्यांनंतर मानेवरची व शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसे पाहावीत. नराची पिसे अरुंद, टोकदार व चकचकीत असतात. मादीची रुंद व गोलसर टोकाची. ही खूण अधिक भरवशाची होय.

कृती : ज्यांच्या घरी पिले आहेत अशा विद्यार्थ्यांनी प्रत्येक पिलाच्या पायात निराळ्या रंगाचा दोरा सैल बांधावा, पाय वाढेल तसा तो बदलावा. वहीत आठवडा, तुरा, पाय, पिसे व ‘माझा अंदाज’ असे रकाने आखून दर रविवारी नोंद करावी. जुना अंदाज खोडू नये. बाराव्या आठवड्यानंतर किती अंदाज खरे ठरले ते वर्गात मोजावे. पिले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

शिक्षकांस सूचना : पाचव्या आठवड्यात एखादा विद्यार्थी “अजून सांगता येत नाही” असे म्हणाला, तर ते उत्तर चूक धरू नये. त्या वेळी तेच बरोबर उत्तर आहे. मी ते दिले असते, तर शेजारीणबाईंची तलंग त्यांच्याच परसात राहिली असती.

प्रश्न :

१. केवळ तुऱ्यावरून निर्णय का करू नये?

२. नराच्या व मादीच्या मानेवरील पिसांत कोणता फरक असतो?

३. जुना अंदाज का खोडू नये?