पासबुक कोणाच्या नावावर?



कसालच्या तिठ्यावर पहाटे उभे राहिले की घाटावरून आलेल्या दुधाच्या पिशव्या उतरताना दिसतात. गोठे आपल्याकडेही आहेत. पण 1963 साली कोल्हापुरात ‘गोकुळ’ उभे राहिले, 1970 साली देशात दूध महापूर योजना सुरू झाली, तसे कोकणात घडले नाही. विखुरलेल्या वाड्या, चार महिन्यांचा पाऊस, आणि कोकण कपिलेसारखी काटक पण थोडे दूध देणारी गाय. दोन लिटर दूध केंद्रावर पोहोचवण्यातच सकाळ जाते.

जिथे संस्था आहे, तिथे भाव फॅट आणि एसएनएफवर ठरतो. गाईच्या दुधाला 3.5 आणि 8.5 हे प्रमाण धरतात. खाली गेले की दर कापला जातो. पावसाळ्यात कोवळ्या हिरव्या चाऱ्याने फॅट उतरते. किटली घेऊन गेलेला नवरा केंद्रावर चारचौघांत बोलणी खातो आणि घरी येऊन बायकोला विचारतो, “पाणी घातलंस काय?” ही भांडणे मी ओटीवर बसून ऐकली आहेत. पाणी कुणीच घातलेले नसते. सरकी पेंड परवडत नाही, एवढेच.

ठाकर, कातकरी कुटुंबांकडे बहुधा सातबारा नसतो, म्हणून म्हशीच्या कर्जाला तारण नाही. पुरुष मजुरीला गोव्यात जातात. शेण, वैरण, धार, आजारी वासरू हे सगळे बाईच्या अंगावर पडते. सभासदत्व मात्र नवऱ्याचे, म्हणून बिलही त्याच्याच खात्यात.

सहकार कायद्याने संचालक मंडळात महिलांसाठी दोन आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखीव ठेवली आहे. पण जी सभासदच नाही, ती निवडणुकीला उभी कशी राहणार? मग कुणा पुढाऱ्याच्या घरातली बाई सहीपुरती त्या जागेवर बसते.

गणनाच्या 27व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनात वाटा मागतात. त्यांनी दया मागितली नव्हती, हे अभ्यासवर्गात मुद्दाम वाचावे.

पुढच्या गृहभेटीत गुरांची चौकशी कराल, तेव्हा पासबुकही पाहायला मागा. नाव एकट्या नवऱ्याचे असेल, तर बाईच्या नावे सभासद अर्ज भरायला दोघांनाही बसवा. भागाची रक्कम जुळत नसेल, तर मंडळीने तेवढी उसनी द्यावी. दहा दिवसांच्या बिलातून ती थोडी थोडी फेडता येते. नवऱ्यालाही नीट समजावून सांगा, नाहीतर अर्ज चुलीत जातो. माझा एक गेला आहे.