मॅडम दौऱ्यावर असताना

मुडबी, ता. बसवकल्याण

चि. संदीप,

मॅडम दिल्लीच्या आर्ट फेअरला निघाल्यात, तिथून परस्पर परदेशी, आणि तोवर गॅलरी तुझ्या अंगावर, असं तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. तिला कौतुक आणि तुला धाकधूक. त्यात काळा घोडा महोत्सव तोंडावर. इकडे तुरीच्या राशीची गडबड आहे, तरी म्हटलं चार गोष्टी कळवाव्यात. आयुष्य त्याच काळा घोडा भागातल्या गॅलऱ्यांत गेलं माझं. उपयोग कधी व्हायचा?

भिंतीवरची बरीचशी चित्रं मॅडमची नाहीत, चित्रकारांनी विक्रीला ठेवलेली आहेत. म्हणजे तू दुसऱ्याची ठेव सांभाळतोयस, आणि ठेवीचा भाव परस्पर पाडायचा नसतो. मालक गावाला गेल्याचा वास काही गिऱ्हाइकांना लगेच लागतो. ‘माझं मॅडमशी बोलणं झालंय, वीस टक्के कमी करणार आहेत’ हे वाक्य तुला हमखास ऐकायला मिळेल. वाद घालू नकोस, संशयही दाखवू नकोस. ‘त्यांचा एक मेसेज येऊ द्या साहेब, तोवर चित्र बाजूला ठेवतो,’ एवढंच म्हण. खरं बोलणारा थांबतो. सवलत किती टक्क्यांपर्यंत, चित्र राखून किती दिवस ठेवायचं, हे मॅडम विमानात बसायच्या आधी लिहून घे. तोंडी ‘तू बघ रे’ याला काही अर्थ नाही. आणि आगाऊ रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय चित्राला ‘विकलं’ची लाल टिकली लावायची नाही, गिऱ्हाईक कितीही मोठ्या गाडीतून उतरलेलं असो.

रोख घेऊन येणारेही येतील. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्यावर रोख घेता येत नाही, आणि तीच रक्कम दोन दिवसांत तुकड्यांनी आणली तरी नियम तोच. दंड देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला बसतो, तोही घेतलेल्या रकमेएवढा.

जुनं चित्र गुंडाळून ‘आजोबांकडचं रविवर्म्याचं आहे, किती येतील?’ म्हणत कोणीतरी येईलच. दहांतली नऊ ओलिओग्राफ निघतात, म्हणजे छापील. आपल्याकडे कलबुर्गीच्या एस. एम. पंडितांची कॅलेंडरं फ्रेम करून ‘ओरिजिनल’ म्हणून मिरवणारे कमी आहेत का? तू किंमत सांगू नकोस, खरं-खोटंही ठरवू नकोस. नाव-नंबर घे, चित्र त्यांच्याचकडे राहू दे. ठेवून घेतलंस आणि कोपरा फाटला तर निस्तरणार कोण? खरंच रविवर्मा निघाला, तरी 1972 च्या कायद्यानं ते चित्र देशाबाहेर विकायला नेता येत नाही, हे मात्र सांगून ठेव. परदेशातल्या जावयाला पाठवायची घाई असणारे तिथंच गार होतात. तसंच, चित्र विकत घेतलं म्हणजे लग्नपत्रिकेवर छापायचा हक्क मिळाला असं नाही. वेगळा लेखी करार नसेल तर तो हक्क चित्रकाराकडेच राहतो. हे बिल करतानाच बोल, म्हणजे पुढं तोंड वाईट होत नाही.

महोत्सवात निम्मी गर्दी सेल्फीवाली. त्यांना हुसकू नकोस, पण पाठीवरची सॅक दारातच उतरवून ठेवायला लाव. सॅकवाला मागं न बघता वळतो आणि झिप कॅनव्हासवर घासते. चित्र हलवायचं झालं तर एक हात खाली, एक बाजूला. फ्रेमच्या वरच्या पट्टीला धरून उचलणारा हेल्पर दिसला की तिथंच थांबव. बबल रॅप थेट रंगावर नको, फुगे उमटतात. आधी ग्लासिन कागद, मग बाकीचं. तैलचित्रावर धूळ दिसली तरी फडकं मारू नकोस.

आणि गॅलरीतली ती बिदरीची सुरई. माझ्या गावाकडची म्हणून जरा जास्तच सांगतो. सफाईवाल्या मावशी मायेनं पीतांबरी लावतील किंवा चिंचेनं घासतील, त्यांना आधीच सांगून ठेव. तो काळा रंग म्हणजे मळ नव्हे. जस्त-तांब्याच्या धातूवर बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या उकळत्या पाण्यानं तो चढवलेला असतो. चांदीची तार तशीच पांढरी राहते, म्हणून तर नक्षी उठते. काळं गेलं तर सुरई गेली. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायची, बस्स.

चित्रकारांचे फोन येतील, ‘काही हललं का?’ म्हणून. तोच फोन सगळ्यात जास्त चुकवला जातो, आणि मला ते कधी पटलं नाही. नसेल विकलं तर नाही म्हण, पण त्याच दिवशी म्हण. पैसे कधी मिळतील याची तारीख मात्र तू देऊ नकोस.

मॅडमना दिवसभर टोचत बसू नकोस, त्या स्टॉलवर उभ्या असतील. पाणी गळलं, काही तुटलं, काही गहाळ झालं, सरकारी कागद आला, एवढ्यालाच तात्काळ फोन. बाकी सगळं वहीत: कोण आलं, काय विचारलं, कुठलं चित्र कुठून कुठं गेलं, वेळेसकट. रात्री कुलूप लावलं की त्या पानाचा फोटो पाठवून दे. आणि मालकीण बाहेरगावी असल्याचं इन्स्टाग्रामवर टाकू नकोस रे बाबा.

त्या परत आल्या की आधी चाव्या, मग रोकड, मग वही हातात दे. गावाकडे यायची सुट्टी त्यानंतर माग; नवी डाळ तोवर भरडून झालेली असेल.

तुझा मामा