संख्येची पारख

शाळेच्या पटांगणावर कवाइतीसाठी बारा मुले उभी करावयाची असली, तर तीन-तीनांच्या चार रांगा होतात, चार-चारांच्या तीन होतात, सहा-सहांच्या दोनही होतात. त्यांत आणखी एक मूल येऊन मिळाले की पंचाईत होते. तेरांच्या सारख्या रांगा कशाही लागत नाहीत. सर्वांना एकाच ओळीत उभे करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. २, ३, ५, ७, ११, १३ या मूळ संख्या होत. १२ किंवा १५ यांसारख्या संख्या संयुक्त होत.

तेराची पारख लहान मूलही करील. ९१ विषयी मात्र मोठ्यांचीही फसगत होते. ती ७ आणि १३ यांचा गुणाकार आहे, हे चटकन ध्यानात येत नाही. मग शंभर अंकी संख्या समोर आली, तर ती मूळ की संयुक्त, हे कसे ओळखावे? या एका प्रश्नाने गणित्यांना शतकानुशतके झुंजविले, आणि त्याचे समाधानकारक उत्तर २००२ साली आपल्या देशात, कानपूर येथे सापडले.

सर्वांत सरळ मार्ग भागाकाराचा. संख्येला २ ने, ३ ने, ५ ने असे भागत जावे. तिच्या वर्गमुळापर्यंत कोणीही तिला निःशेष भागले नाही, तर ती मूळ समजावी. मार्ग बिनचूक आहे, पण फार लांबचा आहे. शंभर अंकी संख्येचे वर्गमूळ सुमारे पन्नास अंकी असते. एका सेकंदात कोटी कोटी भागाकार करणारे यंत्र जरी या कामाला जुंपले, तरी त्याला लागणाऱ्या काळापुढे विश्वाचे आजवरचे सारे वय निमिषाएवढे ठरेल. संख्येत दोनच अंक वाढले की काम दसपट होते! जर्मन गणिती गौस याने १८०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात मूळ व संयुक्त संख्या ओळखण्याच्या प्रश्नाला अंकगणितात फार मोठे स्थान दिले आणि जुन्या पद्धतींच्या संथपणाबद्दल असमाधान दर्शविले, ते यामुळेच.

भागाकार न करता पारख करण्याची एक वाट फर्मा या फ्रेंच गणित्याने १६४० साली दाखविली होती. २ चा पाचवा घात ३२; त्यातून २ वजा केले तर ३० उरतात, आणि त्यांना ५ ने भाग जातो. २ चा सातवा घात १२८. त्यातून २ वजा केल्यास १२६ उरतात, त्यांना ७ ने भाग जातो. परंतु सहावा घात ६४. त्यातून २ गेल्यावर उरलेल्या ६२ ला ६ ने भाग जात नाही. मूळ संख्या ही परीक्षा नेहमी उत्तीर्ण होते. घात मोठा असला तरी भिण्याचे कारण नाही. वर्गाचा वर्ग, त्याचा पुन्हा वर्ग असे करीत आणि दर वेळी फक्त बाकी ठेवीत गेले, म्हणजे शंभर अंकी घातासाठीही वर्ग करण्याची पाळी सुमारे ३३० वेळाच येते.

पण या परीक्षेत तोतये शिरतात. ३४१ ही संख्या ११ आणि ३१ यांचा गुणाकार असूनही २ च्या परीक्षेतून सहीसलामत निसटते. २ च्या जागी ३ घेतले की ती पकडली जाते. ५६१ ही तर त्याहून पक्की. २ घ्या, ३ घ्या, कोणताही अंक घ्या, प्रत्येक वेळी ती मूळ असल्याची बतावणी करते, आणि आहे मात्र ३, ११ व १७ यांचा गुणाकार! असे तोतये असंख्य आहेत, हे १९९४ साली सिद्ध झाले.

येथे बीजगणित मदतीला आले. दहाव्या शतकातील हलायुध याने पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिताना लघुगुरूंचे प्रकार मोजण्यासाठी मेरुप्रस्ताराचे वर्णन केले आहे. त्या मेरूच्या प्रत्येक ओळीत दोन्ही टोकांना १ असतो आणि मधली प्रत्येक संख्या वरील दोन शेजारच्या संख्यांची बेरीज असते. त्यातील पाचची ओळ अशी: १, ५, १०, १०, ५, १. टोकांचे एक सोडले, तर सर्व संख्यांना ५ ने भाग जातो. सहाची ओळ अशी: १, ६, १५, २०, १५, ६, १. येथे १५ आणि २० यांना ६ ने भाग जात नाही. संख्या मूळ असेल तेव्हाच, आणि केवळ तेव्हाच, तिच्या ओळीतील मधल्या सर्व संख्यांना तिने भाग जातो. या परीक्षेतून एकही तोतया सुटत नाही. क्ष आणि १ यांच्या बेरजेचा सहावा घात विस्तारून लिहिला की हीच ओळ सहगुणकांच्या रूपाने मिळते. म्हणून ही परीक्षा बहुपदींची, म्हणजे बीजगणिताची झाली.

अडचण एवढीच की शंभर अंकी संख्येच्या ओळीत शंभर अंकी संख्येइतकी पदे असतात. ती लिहावयाला कागद कोठून आणावा!

हे कोडे कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत मणींद्र अग्रवाल व त्यांचे गुरू सोमनाथ बिस्वास यांनी १९९९ च्या सुमारास हाती घेतले होते. पुढे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना हे दोन विद्यार्थी अग्रवालांना येऊन मिळाले. दोघांनी २००२ साली नुकतीच पदवी घेतली होती. तिघांच्या युक्तीचे मर्म असे: लांबलचक ओळ सरळ लिहू नये, ती एका लहान वर्तुळावर गुंडाळावी. सहाची ओळ पाच घरांच्या वर्तुळावर गुंडाळली, तर सहावी संख्या पहिल्या घरात व सातवी दुसऱ्या घरात येऊन मिसळते, आणि घरांत ७, ७, १५, २०, १५ असे आकडे होतात. त्यांना ६ ने भागून बाकी घेतली, तर १, १, ३, २, ३ मिळतात. सहा ही मूळ असती, तर पहिल्या दोन घरांत १ आणि बाकीच्या घरांत शून्य आले असते. लबाडी उघड झाली, आणि तीही ओळ न उलगडता. कारण गुंडाळलेल्या बहुपदींचेही वर्गामागून वर्ग करता येतात.

पण गुंडाळताना निरनिराळ्या घरांतील दोष एकमेकांत मिसळून झाकले गेले तर? खरे अवघड काम हेच होते. वर्तुळ केवढे घ्यावे, आणि १ च्या जागी २, ३, ४ असे किती आकडे घेऊन परीक्षा पुन्हा करावी, म्हणजे कोणीही तोतया सुटणार नाही? दोन्ही गोष्टी लहानच ठेवून भागते, असे तिघांनी सिद्ध केले. एकाच मूळ संख्येच्या घातांची तेवढी वेगळी चौकशी करावी लागते, आणि ती सोपी आहे.

ऑगस्ट २००२ च्या पहिल्या आठवड्यात त्यांनी आपला निबंध काही तज्ज्ञांकडे पाठविला. तो अवघ्या नऊ पानांचा होता. या विषयात स्वतः नाव मिळविलेले अमेरिकेतील कार्ल पॉमरन्स यांनी तो लगोलग तपासला आणि त्यांना तो निर्दोष आढळला. २००४ साली तो ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००६ साली तिघांना गोडेल आणि फुल्करसन हे दोन्ही पुरस्कार मिळाले.

संगणकशास्त्राचा सैद्धांतिक अभ्यास करणारे एक प्रश्न नेहमी विचारतात: संख्येचे अंक दुप्पट झाले, तर काम किती पट होईल? भागाकाराच्या मार्गाने शंभराचे दोनशे अंक झाले की कामाची वाढ एकावर पन्नास शून्ये एवढी होते. कानपूरच्या पहिल्या पद्धतीने ती सुमारे ४,०९६ पट होई. पुढे लेन्स्ट्रा आणि पॉमरन्स यांनी सुधारणा करून ती सुमारे ६४ पटींवर आणली. तरीही रोजच्या व्यवहारात, गुप्तलिपीसाठी मोठमोठ्या मूळ संख्या शोधताना, संगणक दुसरीच एक परीक्षा वापरतात. मिलर व रॅबिन यांची ती परीक्षा कितीतरी जलद आहे. मात्र तिच्यात चुकीची शक्यता नाममात्र का होईना, उरते. कानपूरच्या परीक्षेत ती मुळीच उरत नाही.

या परीक्षेची आणखी एक गंमत आहे. संख्या संयुक्त आहे एवढे ती निश्चित सांगते, पण तिचे अवयव कोणते, हे सांगत नाही. चोर घरात आहे हे कळावे आणि त्याचे नाव मात्र कळू नये, तसे हे आहे. मोठ्या संख्येचे अवयव झटपट शोधून काढण्याची रीत नेहमीच्या संगणकांसाठी अद्याप कोणालाही सापडलेली नाही. आणि ती सापडत नाही, या भरवशावरच पुष्कळ गुप्त संदेश आज सुरक्षित राहिले आहेत.